ब्रिटनमधल्या मराठी मंडळांना खुले पत्र : एक शनिवार लिम्प्सफील्डला द्या

ब्रिटनमधल्या सर्व मराठी मंडळांच्या कार्यकारिणींना आणि सुटीच्या दिवशी मराठी शाळा चालवणाऱ्या शिक्षकांना,

सप्रेम नमस्कार.

वसंत जवळ आला की आपल्या मंडळांमध्ये सहलींची बोलणी सुरू होतात. ठिकाणं बहुतेक ठरलेली असतात. विंडसर, स्टोनहेंज, बाथ, ऑक्सफर्ड, आणि दक्षिणेकडे निघालो तर केंटमधलं चार्टवेल, म्हणजे चर्चिल यांचं घर. केंटकडे जाताना एम-२५ वरच्या क्लॅकेट लेनच्या थांब्यावर चहा होतो, मुलं पाय मोकळे करतात आणि गाड्या पुढे निघतात. त्या थांब्यापासून दोन-तीन मैलांवर लिम्प्सफील्ड नावाचं गाव आहे. सरे परगण्याच्या पूर्व टोकाला, केंटच्या हद्दीला लागून. यंदा तुमच्या यादीत या एका गावाची भर घाला, एवढंच मागायला हे पत्र लिहिते आहे. हे गाव का आणि तिथे कसं जावं, हे मात्र जरा सविस्तर सांगायला हवं.

लिम्प्सफील्डच्या सेंट पीटर चर्चच्या आवारात मुंबईच्या एकेकाळच्या गव्हर्नरला, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनला, पुरलं आहे. आयुष्याची अखेरची वर्षं त्याने याच गावच्या हूकवूड या घरात काढली, आणि तिथेच २० नोव्हेंबर १८५९ रोजी तो वारला. आपल्याकडे हे नाव ज्याच्या-त्याच्या तोंडी आहे. एल्फिन्स्टन कॉलेज आहे. प्रभादेवी स्टेशनाला जुनी माणसं अजून एल्फिन्स्टन रोडच म्हणतात, ते नाव बदललं २०१८ साली. पण हा माणूस शेवटी कुठे गेला, त्याची माती कुठे पडली, हे इथे वीस-वीस वर्षं राहिलेल्या माणसांनाही सहसा ठाऊक नसतं. लंडनहून आगगाडीने तासाभराच्या आत पोचता येईल अशा ठिकाणी ती जागा आहे.

त्याला हार घालायला चला, असं मी म्हणत नाही. हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेलं बरं.

तो पुण्यात १८११ साली रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला ईस्ट इंडिया कंपनीचा प्रतिनिधी, म्हणून आला. त्याआधी असईच्या लढाईत तो वेलस्लीच्या बरोबर होता, नागपूरकर भोसल्यांच्या दरबारी रेसिडेंट होता, काबूलच्या शहाकडे वकिलातही घेऊन गेला होता. मुळा-मुठेच्या संगमावर त्याची रेसिडेन्सी होती. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा १८१५ साली पंढरपुरात खून झाला, तेव्हा पेशव्यांच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांना आमच्या ताब्यात द्या म्हणून बाजीरावाच्या मागे लागला तो हाच. जून १८१७ चा पुण्याचा तह पेशव्यांच्या गळी उतरवला तो यानेच. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. बापू गोखल्यांच्या फौजेने संगमावरची रेसिडेन्सी जाळली आणि त्यात एल्फिन्स्टनची सगळी पुस्तकं आणि कागदपत्रं गेली. ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांत रमणारा हा माणूस नदीपलीकडून स्वतःच्या ग्रंथसंग्रहाची राख होताना पाहत होता. बारा दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. आपल्या इतिहासातला तो दिवस कुणाला आठवून बरं वाटेल? आपलं राज्य ज्यांनी घेतलं त्यांतला हा एक प्रमुख माणूस.

पण आपल्या आजच्या शिक्षणाचं मूळ शोधत मागे गेलं तर तिथेही हाच माणूस उभा दिसतो. तो १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर होता. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना मिळणाऱ्या दक्षिणेच्या रकमेचा काही भाग वळवून त्याच्या काळात १८२१ साली पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तिच्याच वाढीतून पुढे डेक्कन कॉलेज उभं राहिलं. मुंबईत देशी भाषांत शालेय पुस्तकं तयार करणाऱ्या संस्थेला त्याने पाठबळ दिलं. १८२७ साली तो निघाला तेव्हा मुंबईच्या लोकांनी वर्गणी काढून दोन लाखांवर रुपये जमवले, आणि पुतळ्याबिळ्यावर न थांबता त्याच्या नावाने अध्यापकांच्या जागा निर्माण करायचं ठरवलं. त्यातून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन निघालं. बाळशास्त्री जांभेकर तिथे शिकवत होते. दादाभाई नौरोजी तिथेच शिकले आणि तिथेच गणिताचे प्राध्यापक झाले. न्यायमूर्ती रानडे तिथले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर तिथले. एका कॉलेजातून एका प्रांताचं शतक घडलं म्हटलं तरी चालेल.

आता तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. शाळेच्या मुलांना तिथे नेणार असाल तर ही गोष्ट सांगितल्याशिवाय नेऊ नका. १८२४ सालच्या आपल्या शिक्षणविषयक टिपणात एल्फिन्स्टनने एक निरीक्षण नोंदवलं आहे. मिशनऱ्यांना सर्वांत खालच्या मानलेल्या जातींची मुलं सर्वांत चांगले विद्यार्थी वाटतात, हे त्याला माहीत होतं. तरी या मुलांना खास उत्तेजन देताना सरकारने जपून राहावं, असं त्याने लिहिलं. शिक्षण आधी त्यांच्यात रुजलं तर ते वरच्या जातींपर्यंत कधी पोचणारच नाही, अशी त्याला भीती होती. म्हणजे हुशार कोण हे दिसत असूनही दार अर्धंच उघडायचं, असा हिशेब एका सुसंस्कृत, वाचनवेड्या, लोकांत प्रिय असलेल्या राज्यकर्त्याने शांत डोक्याने मांडला. पुण्याच्या पाठशाळेत सुरुवातीला ब्राह्मण मुलंच होती. शिक्षण वरून खाली झिरपेल या धोरणाने बहुजनांच्या पिढ्या तहानलेल्या ठेवल्या. रयतेच्या साऱ्यातून येणारा पैसा वरच्या वर्गांच्या उच्चशिक्षणावर खर्च होतो, हे जोतीराव फुल्यांनी १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे ठणकावून सांगितलं ते याच धोरणाबद्दल.

आणि त्याच एल्फिन्स्टनच्या नावाच्या कॉलेजातून भीमराव रामजी आंबेडकर १९१२ साली बी. ए. झाले. पुढे १९२८ साली सायमन आयोगापुढे मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांच्या शिक्षणाची स्थिती मांडताना बाबासाहेबांनी एल्फिन्स्टनच्या टिपणातला तो उतारा काढून दाखवला. ज्या संस्थेने शिकवलं, तिच्या नावाच्या धन्याचंच लिखाण पुरावा म्हणून पुढे ठेवलं.

लंडनमधल्या किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेबांचं घर पाहायला आपण जातोच, आणि जायलाच हवं. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली विकत घेतलं तेव्हापासून पुष्कळ कुटुंबं मुलांना तिथे घेऊन जातात. माझं म्हणणं एवढंच की ही दोन ठिकाणं जोडून पाहावीत. एका शनिवारी लिम्प्सफील्ड, दुसऱ्या शनिवारी किंग हेन्रीज रोड. चर्चच्या आवारात उभं राहून १८२४ च्या टिपणातला तो भाग मोठ्याने वाचावा आणि लगेच बाबासाहेबांचं १९२८ चं निवेदन वाचावं. वीस मिनिटांचं काम आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना ते पुरतं कळतं. या देशात जन्मलेल्या आपल्या मुलांना साम्राज्य म्हणजे एक तर मोठा अभिमान किंवा मोठा राग, एवढंच शाळेतून आणि घरातून ऐकू येतं. एका माणसाने एकाच हाताने काय बांधलं आणि काय बंद ठेवलं, हे त्यांनी अस्सल कागदातून ऐकावं असं मला फार वाटतं.

आता गावाविषयी. केवळ एका थडग्यासाठी जाऊन परतलात तर गावावर अन्याय होईल.

लिम्प्सफील्डची नोंद १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजाने करवलेल्या जमीन-पाहणीच्या दप्तरात, आहे. हेस्टिंग्जच्या लढाईनंतर विल्यमने जो बॅटल मठ स्थापला, त्याला हे गाव इनाम दिलेलं होतं. त्या नोंदीत चर्च आहे, पाणचक्की आहे, मासेमारीची जागा आहे, दगडाच्या दोन खाणी आहेत, आणि रानातल्या ससाण्यांची तीन घरटीसुद्धा मोजलेली आहेत. ससाणे शिकारीला लागत, म्हणून घरट्यालाही किंमत. आपल्याकडच्या इनामांच्या कागदांत झाडं, विहिरी, पाट मोजलेले असतात ते ज्यांनी वाचलं आहे त्यांना ही नोंद ओळखीची वाटेल. मठाचा अंमल साडेचारशे वर्षं चालला. आठव्या हेन्रीने मठ मोडले तेव्हा गाव ग्रेशम घराण्याकडे गेलं. शेजारच्या टिट्सी गावातला टिट्सी प्लेस हा त्यांचाच वाडा, उन्हाळ्यात ठरावीक दिवशी पाहता येतो. जायचं असेल तर दिवस आधी तपासा.

मठाच्या काळातली एक वास्तू आजही उभी आहे. टिट्सी रोडवरचं ओल्ड कोर्ट कॉटेज हे मठाधिपतीच्या जमीनदारी न्यायसभेचं घर, बाराव्या शतकाच्या अखेरीचं लाकडी बांधकाम. आठशे वर्षांपूर्वीचं लाकूड अजून छप्पर तोलतं आहे. हाय स्ट्रीटवरची घरं पाहताना थोडं थांबून पाहावं लागतं, कारण विटांच्या अठराव्या शतकातल्या दर्शनी भिंतींमागे कितीतरी जुने लाकडी सांगाडे दडलेले आहेत. डेटिलेन्स हे घर त्याचं चांगलं उदाहरण. समोरून जॉर्जियन, आतून पंधराव्या शतकातलं दालनाचं घर. ही सगळी लोकांची राहती घरं आहेत. रस्त्यावरून पाहा, फाटकाच्या आत जाऊ नका, खिडक्यांचे फोटो काढू नका. हूकवूडलाही हेच लागू.

सेंट पीटर चर्चचा मनोरा बाराव्या शतकातला आहे. इंग्लंडमध्ये अशी चर्च शेकड्यांनी आहेत हे खरं, पण या आवारात संगीताची माणसं जितकी एकत्र विसावली आहेत तितकी एखाद्या खेड्यात क्वचितच सापडतील. फ्रेडरिक डिलियस हा संगीतकार फ्रान्समध्ये ग्रे-सूर-ल्वां इथे १९३४ साली वारला. दक्षिण इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यातल्या चर्चच्या आवारात आपल्याला पुरावं, अशी त्याची इच्छा होती. वर्षभराने, मे १९३५ मध्ये, त्याचं शव फ्रान्सहून आणून रात्रीच्या अंधारात इथे पुन्हा पुरलं. त्याची पत्नी येल्का त्यासाठी इंग्लंडला आली, पण वाटेतच आजारी पडली आणि तिला दफनाला हजर राहता आलं नाही. ती काही दिवसांतच गेली आणि त्याच थडग्यात विसावली. त्या वेळी थडग्याशी भाषण करणारे संगीतसंचालक सर थॉमस बीचम १९६१ साली वारले. त्यांचे अवशेष १९९१ साली ब्रुकवूडच्या दफनभूमीतून हलवून इथे, डिलियसजवळ आणले. चेलोवादक बिएट्रिस हॅरिसनही याच आवारात आहे. जवळच्या फॉइल रायडिंगच्या बागेत तिने १९ मे १९२४ च्या रात्री चेलो वाजवला, झाडीतल्या नाइटिंगेलने तिला साथ केली, आणि बीबीसीने ते सगळं थेट प्रसारित केलं. गोठ्यात-रानात माइक नेऊन पाखराचा आवाज घरोघरी पोचवण्याचा तो अगदी सुरुवातीचा प्रयोग. तुमच्या मंडळात कुणी सारंगी किंवा व्हायोलिन वाजवणारं असेल तर त्यांना ही जागा आवर्जून दाखवा.

गावाच्या दक्षिणेला आणि पूर्वेला लिम्प्सफील्ड कॉमन आणि द चार्ट ही मोकळी माळरानं आणि दाट रान आहे. कॉमन नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आहे आणि सर्वांना पायी फिरायला खुलं. इथली माती वालुकामय, म्हणून हेदर फुलतो, नेची दाटते. एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत झाडाखाली ब्लूबेलचा निळा थर असतो. सरेच्या हॅझलमिअरहून निघून केंटच्या दक्षिणेकडे जाणारी ग्रीनसँड वे ही लांब पल्ल्याची पायवाट याच रानातून जाते, आणि काही ठिकाणी झाडी संपून दक्षिणेचा सखल वील्ड प्रदेश एकदम समोर उघडा पडतो. सह्याद्रीत भटकलेल्यांना चढ किरकोळ वाटेल. आजी-आजोबांना मात्र झेपेल असा तो आहे, आणि भारतातून आलेल्या आईवडिलांना कुठे न्यावं हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांपुढे दर उन्हाळ्यात असतोच. कॉमनच्या एका भागावर १८८९ पासून गोल्फ खेळतात. खेळपट्टी ओलांडताना थांबा, खेळणाऱ्याला मारू द्या, मग जा. ब्लूबेल तुडवू नका. एकदा तुडवलेली रोपं सावरायला वर्षं लागतात. मुलांच्या पायांवर रानातून आल्यावर गोचीड शोधा, विसरू नका.

जाण्याची सोय सोपी आहे. लंडन ब्रिज किंवा व्हिक्टोरियाहून ऑक्स्टेडची गाडी धरायची. ऑक्स्टेडला उतरलं की बाजारपेठ आहे, तिथेच स्वच्छतागृह, पाणी वगैरे उरकून घ्यावं. तिथून लिम्प्सफील्डचा हाय स्ट्रीट साधारण मैलभर, रमतगमत अर्ध्या तासाचा. बस आहे, पण खेड्यांतल्या बसचं वेळापत्रक विरळ असतं, ज्यांना चालणं जमत नाही त्यांच्यासाठी आधी नीट पाहून ठेवा. मोठी बस भाड्याने घेऊन कृपा करून येऊ नका. हाय स्ट्रीट अरुंद आहे, तो घोडागाड्यांच्या काळातला रस्ता आहे आणि तिथे लोक राहतात. पंधरा-वीस जणांचा गट पुरे. मंडळ मोठं असेल तर दोन गट दोन वेगळ्या शनिवारी करा. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते, म्हणून शनिवार म्हणते. चर्चमध्ये लग्न किंवा अंत्यविधी नाही ना, हे आधी विचारून घ्या.

जेवणाचं बोलायचं तर डबे न्याच, दशम्या-चटणी कॉमनवर झाडाखाली बसून खाण्याचं सुख वेगळं. चर्चच्या आवारात मात्र डबा उघडू नका, तिथे आजही माणसं आपल्या माणसांना भेटायला येतात. पण डबा नेला म्हणून गावात एक पैसाही न टाकता परत येणं बरं नव्हे. हाय स्ट्रीटवर दुकान आहे, द बुल हा पब आहे, वर चार्टच्या बाजूला कार्पेंटर्स आर्म्स आहे. चहा तिथे प्या, मुलांना खाऊ तिथला घ्या. इंग्लंडमधल्या खेड्यांत दुकान, पब, बस, टपाल या सोयी एकामागून एक बंद पडत आल्या आहेत, आणि एकदा बंद पडलेलं दुकान सहसा पुन्हा उघडत नाही. मराठवाड्यात, कोकणात आपल्या गावची एसटी बंद झालेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे मी वेगळं सांगायला नको. पाहुणा गावात शिरला की त्याने गाव चालतं ठेवायला हातभार लावावा. चर्चमध्ये देणगीची पेटी असते, तिथेही काही टाका. आठशे वर्षांच्या दगडी भिंती आणि ते आवार राखायचा खर्च मुख्यत्वे तिथल्या मंडळींवरच पडतो. आपल्या मातीशी ज्याचा संबंध आला त्याची कबरही त्या आवारातच आहे.

मंडळांकडे माझ्या ठोस मागण्या आहेत. पहिली म्हणजे चार पानांची मराठी माहितीपत्रिका तयार करावी. गावाचा नकाशा, एल्फिन्स्टनच्या १८२४ च्या टिपणातला तो भाग मराठीत, बाबासाहेबांच्या निवेदनातला उतारा, फुल्यांच्या हंटर आयोगापुढच्या निवेदनातला उतारा, एवढं पुरे. लंडनमध्ये १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ चालतं, इतकी वर्षं जपलेल्या संस्थेला हे काम जड नाही, आणि बर्मिंगहॅम, मँचेस्टरच्या मंडळींनीही त्यात हात घालावा. पत्रिकेत कौतुकाचा मजकूरही नको आणि शिव्याशापही नकोत. कागद बोलतील.

दुसरी मागणी अशी की चर्चच्या व्यवस्थापकांना आणि पॅरिश कौन्सिलला रीतसर पत्र लिहून आपण येणार हे कळवावं, आणि गावातल्या लोकांनाही आपल्या वाचनाला बोलवावं. एल्फिन्स्टनच्या कबरीजवळून रोज जाणाऱ्या माणसाला खडकीची लढाई, विश्रामबागवाडा, दक्षिणा या गोष्टी कुठून माहीत असणार? त्या आपणच सांगायच्या. कुणाच्या परवानगीशिवाय तिथे फलक लावणं, कबरीवर नारळ-फुलं ठेवून फोटो काढणं, घोषणा देणं यांतलं काही होऊ नये, याची जबाबदारी गटप्रमुखाने घ्यावी.

शाळांच्या शिक्षकांना एवढंच सांगते की मुलांना आधी काही वाचून दाखवा, मग न्या. मुलं विचारतील की हा चांगला होता की वाईट. घाईने उत्तर देऊ नका. त्यांना दोन्ही कागद द्या आणि बोलू द्या. माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं होतं की हुशार कोण हे त्याला कळलं होतं, मग त्याने असं का केलं? या प्रश्नावर मोठ्यांनीही एक दुपार घालवायला हरकत नाही.

पहिली फेरी ब्लूबेलच्या दिवसांत, एप्रिलच्या शेवटच्या किंवा मेच्या पहिल्या शनिवारी ठेवावी असं मी सुचवते. ज्यांना गर्दी नको त्यांनी २० नोव्हेंबरच्या आसपासचा शनिवार घ्यावा. मात्र तेव्हा चारच्या सुमारास अंधार पडतो आणि कॉमनवर चिखल असतो, म्हणून सकाळची गाडी धरा आणि बूट जाड घाला. ज्या मंडळाला वाटा दाखवायला किंवा पत्रिकेच्या मजकुराला मदत हवी असेल त्यांच्यासाठी मी आनंदाने वेळ काढेन. मार्चअखेरपर्यंत कार्यकारिणीने तारीख ठरवली तर गावाला कळवायला पुरेसा अवधी मिळेल.

आपली,
सरे परगण्यात राहणारी एक मराठी शिक्षिका